गैरहजेरीत चाललेला खटला

दोन वर्षांपूर्वी नेवासे तालुक्यातल्या एका गावी मातीला गेलो होतो. गेलेली बाई लांबच्या नात्यातली, नव्वदी ओलांडलेली. मुलगा, सुना, नातवंडं सगळी ख्रिस्ती. तिनं मात्र बाप्तिस्मा कधी घेतला नव्हता. नाताळच्या करंज्या तिच्याच हातच्या असायच्या आणि मोहट्याच्या देवीलाही ती जायची. दोन्हींत तिला कधी अडचण वाटली नाही. पेटी खाली सोडण्याआधी शहरातून आलेल्या एका प्रचारकानं संदेश दिला. श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा, म्हणजे मेल्यावर आगीतून आपल्या भावांना सावध करू पाहणाऱ्या श्रीमंताचा, दाखला घेऊन तो म्हणाला, "आज या आईला बोलता आलं असतं, तर तिनं ओरडून सांगितलं असतं, पोरांनो, इकडं येऊ नका, इथं आग आहे." मुलगा खड्ड्याच्या कडेला उभा होता, मातीची मूठ भरून. पेटी खाली गेली, एकेकानं माती टाकली, त्याची मूठ तशीच मिटलेली. शेवटी पुतण्यानं कोपर धरून हलवलं तेव्हा ती उघडली.

मला राग आला. प्रचारकाचा आला, पण त्याहून जास्त आमचाच. पन्नाससाठ माणसं उभी होतो, त्यांत दोन पाळक होते, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. केलं नाही, कारण तो माणूस उद्धट असला तरी नवीन काही बोलत नव्हता. रविवारच्या शाळेपासून आम्ही जे ऐकत आलो ते ओळीनं मांडलं, की तो म्हणाला तिथंच पोचतं. माणूस पापी, पापाची शिक्षा सार्वकालिक, ती शिक्षा ख्रिस्तानं वधस्तंभावर आपल्या जागी भोगली, आणि ज्यानं ते स्वीकारलं नाही त्याला ती स्वतः भोगावी लागणार. मग म्हातारी कुठं गेली हे सांगायला प्रचारक कशाला लागतो?

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही साखळी ख्रिस्ती श्रद्धेची एकमेव साखळी नाही. तिच्यातल्या काही कड्या बऱ्याच उशिरा आणि फार विशिष्ट मुलखात घडवलेल्या आहेत. आणि आपल्याकडच्या मंडळ्यांनी हे उघडपणे बोलायची वेळ कधीच टळून गेली आहे.

पूर्वजांचा प्रश्न हा या सिद्धान्ताचा सगळ्यात दुखरा भाग, आणि तो युरोपातल्या विद्यापीठांत कमी, नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या तोंडून जास्त आला. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर जपानहून परतल्यावर, जानेवारी १५५२ मध्ये, कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना एक लांबलचक पत्र लिहितात. त्यात ते सांगतात, की जपानी ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडतात. दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना नरकातून सोडवता येईल का, असं विचारतात. झेवियर उत्तर देतात, की नाही, काही इलाज नाही. आपल्या जिवलग मंडळींना इलाज नसलेल्या गोष्टीसाठी रडताना बघून आपल्यालाही वाईट वाटतं, हेही ते लिहितात. हे पत्र मला नेहमी अस्वस्थ करतं. लिहिणारा निष्ठुर नाही. त्याचं काळीज एक सांगतंय आणि पाठ केलेलं उत्तर दुसरंच, आणि बाजी उत्तरानं मारली.

तीनशे वर्षांनी हाच प्रश्न एका मराठी माणसानं वादाच्या भाषेत मांडला. काशीतले कोकणस्थ ब्राह्मण नीलकंठशास्त्री गोरे. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू पंडितांना डिवचलं, त्याला गोऱ्यांनी १८४४-४५च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिलं. त्यांच्या अनेक आक्षेपांतला एक अगदी सरळ होता. पुनर्जन्म नाही म्हणता, म्हणजे जीवाला एकच आयुष्य, तेही कुणाचं दोन दिवसांचं, कुणाचं ऐंशी वर्षांचं; आणि त्या तुटपुंज्या आयुष्यातल्या पापासाठी न संपणारा नरक? आमच्या पुराणांतल्या नरकांची यादी भीषण खरी, पण भोग संपला की जीव सुटतो. गंमत म्हणजे हेच गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांचा प्रश्न निकाली निघाला, असं मात्र समजायचं कारण नाही.

आणि मग नगरचं प्रकरण. हे आमच्या मंडळींनाही फारसं ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, आम्हा जुन्यांच्या तोंडात अजून नगरच आहे.) ह्यूमसाहेब, म्हणजे रॉबर्ट ॲलन ह्यूम, १८४७ साली मुंबईतच जन्मलेले मिशनऱ्याचे चिरंजीव. अमेरिकेत शिकून १८७४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे म्हणून नगरला आले, १८७८ मध्ये इथं धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली. दहाएक वर्षांच्या कामानंतर ते रजेवर मायदेशी गेले. तिथं मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीत एक वाद पेटलेला होता. तिथले काही प्राध्यापक म्हणत होते, की ज्यांना आयुष्यात ख्रिस्ताचं नावही ऐकायला मिळालं नाही, त्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळत असेल असं मानायला जागा आहे. ह्यूम त्याच सेमिनरीचे विद्यार्थी. १८८६ मध्ये तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनाच्या वेळी ते उभे राहिले आणि या मताच्या बाजूनं बोलले. हिंदुस्थानात काम करणाऱ्याला असं मत आधारच देतं, अडचण करत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

झालं. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचं कार्यालय बॉस्टनला. तिथल्या कमिटीनं ह्यूमना नगरला परत पाठवायचं अडवून धरलं. अँडोव्हरची मतं असलेल्या काही तरुण उमेदवारांना तर नेमणूकच नाकारली. बोर्डाचं म्हणणं तर्काला धरून होतं: मृत्यूनंतरही संधी असेल, तर समुद्र ओलांडून माणसं पाठवायची कशाला? मिशनच्या कामाची नसच कापली जाईल. १८८६ च्या वार्षिक सभेत, आयोवा राज्यातल्या डे मॉइनला, यावर जोरदार खडाजंगी झाली. अँडोव्हरच्या प्राध्यापकांवरचा खटला तर पुढं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ह्यूमना अखेर परवानगी मिळाली, ते नगरला परतले, दुष्काळात केलेल्या कामाबद्दल सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं, आणि आज त्यांच्या नावाचं देऊळ, म्हणजे चर्च, गावात उभं आहे.

मला या सगळ्यात एकच गोष्ट टोचते. आयोवात भाषणं झाली, बॉस्टनला ठराव झाले, आणि विषय होता नेवासे, राहुरी, पारनेरातले आमचे पणजे-खापरपणजे. तिथं आमच्यातलं कोण होतं? कुणीच नाही. आरोपी गैरहजर, वकील गैरहजर, वारस गैरहजर. ह्यूम आमच्या बाजूनं बोलले म्हणून त्यांचे आभार, पण खटला आमचा होता.

आता सिद्धान्ताकडे. एका आयुष्यातल्या पापाला अंत नसलेली शिक्षा कशी, या प्रश्नाला पाश्चात्त्य परंपरेनं दिलेलं सगळ्यात गाजलेलं उत्तर कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांच्या विचारातून आलं. १०९८ साली त्यांनी एक ग्रंथ पूर्ण केला. देव मनुष्य का झाला, हा त्याचा विषय. त्यांच्या मते देवाच्या इच्छेविरुद्ध एक नजर टाकणं हेही इतकं मोठं पाप, की सगळं विश्व वाचवण्यासाठीसुद्धा ते करू नये. कारण अपमान झाला तो अनंत देवाचा, म्हणून ऋणही अनंत. माणूस ते फेडू शकत नाही, म्हणून देवमाणूस आला आणि त्यानं फेडलं. पुढं सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी, विशेषतः कायद्याचं शिक्षण घेतलेल्या कॅल्विननं, 'ऋण फेडलं' याच्या जागी 'शिक्षा भोगली' हे ठळक केलं. सरंजामदाराच्या दरबारातून विषय न्यायालयात गेला.

या युक्तिवादाचा कणा नीट पाहा. अपराध किती मोठा हे कृत्यावरून ठरत नाही. कुणाविरुद्ध केला यावरून ठरतं. कनिष्ठाला शिवी दिली तर थोडक्यात सुटका, राजाला दिली तर मुंडकं. अकराव्या शतकातल्या युरोपाला हे उघड वाटत होतं. आम्हालाही ते ओळखीचं आहे, फार ओळखीचं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला शिवीगाळ करणाऱ्या क्षत्रियाला शंभराचा दंड, वैश्याला दीडशे किंवा दोनशेचा, आणि शूद्राला देहदंड सांगितला आहे. कृत्य एकच. फरक फक्त कोण कुणाला बोललं याचा. हे पुस्तक महाडला जाळलं गेलं त्या दिवसाची तारीख २५ डिसेंबर १९२७. आमच्या घरात त्या दिवशी नाताळ असतो. नगर जिल्ह्यातली आम्ही बहुतेक ख्रिस्ती मंडळी ज्या महारवाड्या-मांगवाड्यांतून आलो, तिथल्या लोकांनी दर्जावर बेतलेला न्याय पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतला. त्याच न्यायाचा सर्वांत भव्य नमुना आम्ही देवाच्या नावावर गाऊन कसा घ्यायचा? देव अनंत आहे म्हणून तो अनंत रागावू शकतो, एवढंच त्याच्या अनंतपणाचं फळ?

भाषेचंही बघा. मराठी बायबलात ख्रिस्ताच्या मरणाला 'प्रायश्चित्त' म्हटलं आहे. हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्यानं पाप केलं त्यानं घ्यायचं असतं: उपास त्याचे, चांद्रायण त्याचं, खर्च त्याचा. इथं दुसराच कुणी घेतो. शब्द तोच ठेवून अर्थ उलटा केला; वाईट केलं असं नाही, पण त्यामुळं ऐकणाऱ्याच्या मनात दोन चित्रं एकमेकांवर आदळतात. आणि मार्काच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या मरणासाठी आलेला 'खंडणी' हा शब्द! मूळ अर्थ गुलामाला सोडवण्याचं मोल. आजच्या पोरांना विचारा खंडणी म्हणजे काय. भाईचा फोन येतो, व्यापारी पैसे देतो. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेत हा शब्द आला, की मागच्या बाकावर हमखास कुणीतरी खुसखुसतं. पण गुलामाच्या सुटकेचं मोल हा अर्थ पुढं ठेवला, तर चित्र केवढं बदलतं! देव तिथं संतापलेला न्यायाधीश नसतो, बाजारात येऊन आपल्या माणसाला हाताला धरून घरी नेणारा असतो. पहिल्या हजार वर्षांत ख्रिस्ती लोक वधस्तंभाबद्दल बोलताना बहुतेक याच अंगानं बोलत होते.

मग येशू ज्याबद्दल बोलला तो नरक? तो ज्याला गेहेन्ना म्हणतो ती यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी. तिथं गावाचा कचरा अखंड जळत असे ही गोष्ट प्रचारकांची लाडकी, पण तिला जुना पुरावा नाही; साधारण १२०० सालच्या एका यहुदी भाष्यकाराच्या लिखाणातून ती पसरली. संदेष्टा यिर्मया त्या दरीबद्दल काय सांगतो ते मात्र स्पष्ट आहे. लोक तिथं आपली मुलंमुली अग्नीत होम करत, आणि देव म्हणतो, की हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. सातव्या अध्यायाचं एकतिसावं वचन. लेकरं जाळणं ज्याच्या मनातही आलं नाही, त्याच देवाकडं आपण तीच दरी सोपवली आणि सांगितलं, की आता तू जाळ, आणि थांबू नकोस.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा टाळून चालणार नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटी 'सार्वकालिक शिक्षा' आणि 'सार्वकालिक जीवन' एकाच वाक्यात येतात. जुने धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी विचारलं, की जीवन सार्वकालिक मानता, मग त्याच शब्दाची शिक्षा तेवढी तात्पुरती कशी? मुद्दा हलका नाही. काहीजण म्हणतात, की शिक्षेचा परिणाम कायमचा, भोगणं कायमचं नव्हे. माणूस नाहीसा होतो, छळला जात राहत नाही. इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन स्टॉट, ज्यांना पवित्र शास्त्राबाबत सैल कुणी म्हणणार नाही, त्यांनी १९८८ मध्ये, चाचपडत का होईना, हेच मत मांडलं. काहीजण मूळ ग्रीक शब्दाकडे बोट दाखवतात: तिथं 'कोलासिस' आहे, आणि ॲरिस्टॉटलनं कोलासिस म्हणजे भोगणाऱ्याच्या भल्यासाठीची शिक्षा आणि 'तिमोरिया' म्हणजे करणाऱ्याच्या समाधानासाठीची, असा फरक केला आहे. खरं सांगायचं, तर येशूच्या काळापर्यंत हा फरक बराच पुसट झाला होता, त्यामुळं त्याच्यावर सगळा भार मी टाकणार नाही. मला त्या अध्यायातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शेवटच्या न्यायाच्या वेळी मेंढरं आणि शेरडं, म्हणजे तारलेले आणि दोषी, वेगळी होतात ती कशावरून? भुकेल्याला खायला दिलंस का, तान्हेल्याला पाणी दिलंस का, उघड्याला कपडा दिलास का. बाप्तिस्म्याचा दाखला तिथं कुणी मागत नाही. नेवाशाच्या त्या म्हातारीनं बहात्तरच्या दुष्काळात दारावर आलेल्याला भाकरी दिल्याशिवाय पाठवलं नाही, हे तिच्या मातीला आलेले सगळे सांगत होते. प्रचारकानं लाजराचा दाखला निवडला. हा निवडला असता तर?

एक आक्षेप मात्र मी माझ्यावर स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. नरक नको म्हणणं सुखवस्तू माणसाला परवडतं. २०१४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात खर्ड्याला एका दलित शाळकरी मुलाला मारून टाकलं, आणि २०१७ मध्ये न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अशा घरातल्या आईला 'देव सगळ्यांना माफ करतो' हे सांगायला कुठल्या तोंडानं जायचं? न्याय झाला पाहिजे, इथं नाही तर तिथं, ही मागणी मला पवित्र वाटते. पण रूढ सिद्धान्त ती मागणी पुरी करतो का? त्याच्या हिशेबात मारला गेलेला पोरगा बाप्तिस्म्याविना गेला, तर तो आगीत. आणि मारणाऱ्यानं मरायच्या आदल्या दिवशी ख्रिस्ताला स्वीकारलं, तर तो स्वर्गात. हा पीडितांचा न्याय नव्हे. केलेल्या अन्यायाचा सामना प्रत्येकाला करावा लागेल, तो जाळून काढणारा असेल, आणि त्यातून माणूस शुद्ध होईल किंवा उरणार नाही, हे मी मानतो. ज्याला शेवटही नाही आणि हेतूही नाही, अशी आग मात्र मी मानत नाही.

अशी आग न मानणारे बाहेरचे नाहीत. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या, आजच्या इस्तंबूलच्या, जुन्या खोरा चर्चमध्ये (आता तिथं मशीद आहे) चौदाव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त अधोलोकाचे दरवाजे मोडून उभा आहे, पायाखाली तुटलेली कुलुपं-बिजागऱ्या विखुरल्या आहेत, आणि एका हातानं आदामाला, दुसऱ्यानं हव्वेला तो कबरेतून ओढून काढतोय. त्यानं त्यांचे हात धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. हात धरायला समोरच्यानंही धरावा लागतो. मनगट धरलं की सगळा जोर ओढणाऱ्याचा. सगळ्यांचे पहिले पूर्वज, बाप्तिस्मा न झालेले. पेत्राच्या पहिल्या पत्रात मेलेल्यांनाही सुवार्ता सांगण्यात आली असं वचन आहेच. अँडोव्हरवाले त्याकडेच बोट दाखवत होते.

कॅथलिकांचं तरी बरं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये लिहून ठेवलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे सद्बुद्धीला धरून जगले, त्यांनाही तारण मिळू शकतं. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२४ मध्ये इटालियन टीव्हीवर सांगितलं, की हा सिद्धान्त नव्हे, माझं वैयक्तिक मत आहे, पण नरक रिकामा असावा असा विचार करायला मला आवडतं. वसईत २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या माणसाला निदान धर्मगुरूला विचारायची सोय आहे. आम्ही प्रॉटेस्टंट मात्र मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही. बॉस्टनच्या कमिटीला जे १८८६ मध्ये पटत होतं, ते त्यांच्या वारसांनी केव्हाच सोडून दिलं. आम्ही अजून जपून ठेवलंय, दिवाणखान्यातल्या जुन्या घड्याळासारखं.

आमच्याच अंगणात उत्तर देणारा एक माणूस होऊन गेला. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. वाक्य आम्ही अभिमानानं सांगतो, जयंतीला फलकावर लिहितो. मग पुढचा प्रश्न का विचारत नाही? तुकोबा कुठं आहेत? माणूस पुलावरून पलीकडे गेला आणि पूल आगीत गेला, हे टिळकांना मानवलं असतं का? १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती.

माझी आजी पन्नास वर्षं देवळात पहिल्या बाकावर बसली. तिचे आजोबा पाळक गावात यायच्या आदल्या वर्षी पटकीनं गेले होते. भादव्याच्या अमावास्येला ती भाकरीचा तुकडा पत्र्यावर टाकायची. कावळ्यासाठी, असं म्हणायची. एकदा वडील तिला रागावले, की आई, हे आपल्यात चालत नाही. ती म्हणाली, "आबाला कुणी सांगितलंच नव्हतं रे. त्याचा काय दोष?" आणि मतांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, 'तो अधोलोकात उतरला' ही ओळ आली, की तिचा आवाज बाकीच्यांच्या वर जायचा. तेव्हा आम्हा पोरांना हसू यायचं.

पुनरुत्थानाच्या दिवशी (ईस्टरला) पहाटे आम्ही कबरस्तानात जातो. यंदा मी आमच्या पाळकसाहेबांना भेटून म्हटलं, तिथल्या प्रार्थनेत एक वाक्य घाला: आमच्या ज्या वाडवडिलांना तुझं नाव कुणी सांगितलं नाही, त्यांच्याकडे तू गेलास यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. मग घडी करून वहीत ठेवला आणि म्हणाले, "वाक्य चांगलंय हो. पास्टरेट कमिटीपुढं ठेवतो."